एसीच्या नळीखाली बादली: कोकणातलं घर कमी विजेत गार कसं ठेवायचं

एप्रिल-मेमध्ये रात्री एसी लावलात की त्याच्या पाण्याच्या नळीखाली बादली ठेवून बघा. पहिला तास मोजू नका. तेव्हा गादीत, उशीत, पडद्यांत मुरलेला दमटपणा बाहेर येत असतो. त्यानंतरच्या एका तासात किती पाणी जमतं ते मापाने मोजा. बारा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली, आत दोन माणसं झोपलेली, दारं-खिडक्या लावलेल्या, अशा ठिकाणी अर्धा-पाऊण लिटर आलं तर ठीक. दीड लिटर आलं, तर खोलीला फटी आहेत आणि तुमचा एसी रात्रभर अंगणातली हवा सुकवत बसलाय.

हिशेब असा. किनाऱ्यावर तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर एक किलो हवेत साधारण २२ ग्रॅम पाण्याची वाफ असते. रात्री तापमान उतरतं, पण आर्द्रता चढते, त्यामुळे वाफ फारशी कमी होत नाही. खोली २६ अंशांवर आणि ५५ टक्के आर्द्रतेवर आणायची तर एका किलो हवेत साडेअकरा ग्रॅमच वाफ उरायला हवी. बाकीचं पाणी एसीच्या आतल्या थंड जाळीवर जमतं आणि नळीतून बाहेर पडतं. वरच्या मापाच्या खोलीत चाळीस घनमीटर, म्हणजे साधारण ४५ किलो हवा मावते. ती एकदा पूर्ण बदलली की अर्धा लिटर पाणी नव्याने काढावं लागतं. एक लिटर पाणी काढायला चांगल्या एसीलाही सुमारे ०.२ युनिट वीज लागते. हवा गार करण्याची वीज वेगळीच.

म्हणून कोकणात घर गार करण्याचं काम देशावरच्यापेक्षा वेगळं आहे. इथे दोन गोष्टींशी गाठ असते: डोक्यावरच्या छपरातून उतरणारी उष्णता आणि हवेतलं पाणी. एसी या दोन्हींशी झगडतो, पण छपराचा आणि फटींचा बंदोबस्त आपण आधी केला तर लहान एसीही पुरतो, कधीकधी नुसत्या पंख्यावरही भागतं.

कूलरचं काय, हा प्रश्न दर उन्हाळ्यात निघतो. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, त्यामुळे हवा जितकी कोरडी तितका तो चालतो. नागपुरात ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर २७ अंशांची हवा देऊ शकतो. तोच कूलर रत्नागिरीत ३३ अंश आणि ७० टक्क्यांना लावला तर २९ अंशांच्या पुढेमागे अडकतो, आणि ती हवा इतकी ओली असते की अंगावरचा घाम सुकत नाही. वर घरातले पापड सादळतात ते निराळंच. वाळ्याच्या पडद्यांचंही तेच. वास छान येतो, तेवढ्यासाठी लावा.

छप्पर

वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो. या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळा मारा छपरावर असतो. एका चौरस मीटरला दुपारी सुमारे एक किलोवॅट. पावसाळ्यातल्या शेवाळाने काळा पडलेला स्लॅब त्यातलं तीन-चतुर्थांश पिऊन टाकतो. पाच इंची काँक्रीटमधून ही उष्णता खाली झिरपायला चार-पाच तास लागतात. म्हणून दुपारपेक्षा रात्री आठ-नऊला खोली जास्त तापते आणि नेमक्या त्याच वेळी एसी चालू होतो. तपासायचं असेल तर रात्री नऊला स्टुलावर चढून छताला हात लावा, मग भिंतीला लावा. छत स्पष्ट गरम लागलं तर नवा एसी घ्यायच्या आधी गच्चीवर जा.

सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा. ताजा पांढरा चुना ऊन परतवतो आणि काळ्या स्लॅबच्या मानाने उष्णता फारच कमी आत जाते. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी घ्या. चुना पाण्यात टाकताना तो उकळतो, उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा आणि मुलं लांब हवीत. भांडं प्लॅस्टिकचं किंवा लोखंडी घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं चुना खातो. चोवीस तास विझू द्या, मग फडक्यातून गाळा. वीसेक ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळा, नाहीतर हात लावला तरी पांढरं निघत राहतं. स्लॅब तारेच्या ब्रशने घासून शेवाळ काढा, पाण्याने ओला करा आणि उन्हं उतरल्यावर दोन-तीन पातळ हात द्या, एक उभा, पुढचा आडवा. भर दुपारी मारलेला चुना वाळताना भुरभुरतो. एकच जाड हात दिला तर महिन्याभरात पापुद्रे सुटतात.

हा चुना पुढच्या पावसात टिकत नाही, ही कोकणातली अडचण मान्य करूनच फेब्रुवारीत हे काम लावावं, दरवर्षी. बाजारातले पांढरे ॲक्रिलिक थर जास्त टिकतात, पण शेवाळ त्यांच्यावरही चढतं आणि काळा पडलेला महागडा थर काळ्या स्लॅबइतकाच तापतो. गणपतीनंतर तो एकदा घासून धुवायलाच हवा. आणि स्लॅब गळत असेल तर आधी गळती काढा, रंगाने भेगा बुजत नाहीत.

आता इथे सगळीकडे दिसणाऱ्या पत्र्याच्या शेडबद्दल. गळतीला कंटाळून लोक स्लॅबवर लोखंडी सांगाडा आणि पत्रा घालतात. गळतीसाठी केलेलं हे काम उन्हासाठी चुन्यापेक्षाही सरस आहे, कारण स्लॅबवर ऊन पडतच नाही. फक्त दोन चुका सर्रास होतात. एक, पत्र्याचा रंग. निळा, विटकरी, गडद हिरवा असे रंग खपतात, तेव्हा दुकानात पांढरा किंवा फिका करडा मागा, भावात फारसा फरक नसतो. दुसरी, शेडच्या चारही बाजू बंद करून तिची खोली करणं. मग पत्र्याखालची तापलेली हवा कोंडते आणि स्लॅब तिच्यात भाजत राहतो. नैर्ऋत्येकडून पावसाची झड येते तेवढीच बाजू जाळीच्या झडपांनी झाका, बाकीच्या उघड्या ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा किती शेडचे पत्रे उडाले ते सगळ्यांनी पाहिलंय. खांब स्लॅबवर नुसते टेकवू नका, तुळईला नीट जखडून घ्या, आणि स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर रबरी वॉशर घालून बसवा.

ज्यांचं घर अजून मंगळुरी कौलांचं आहे त्यांनी ते टिकवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. कौलांच्या सांध्यांतून तापलेली हवा वर निघून जाते, पावसात कौलं पाणी पितात आणि नंतर ते सुकताना गार होतात. खाली माळा असेल तर उष्णता तिथेच अडते. माळा नसेल तर वाशांच्या खालून चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल ताणून लावता येते. तिची चकचकीत बाजू खाली आणि दोन्हीकडे किमान इंचभर मोकळी हवा हवी. वर तोंड करून लावली तर सहा महिन्यांत तिच्यावर धूळ बसून ती निकामी होते, आणि कौलाला किंवा लाकडाला चिकटवली तर पहिल्या दिवसापासूनच निकामी. कौलांखाली प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं छत मात्र लावू नये. जुलैत त्याला बुरशी लागते.

भिंती, वारा, पंखा

जाड जांभ्याची भिंत सावकाश तापते, सावकाश निवते. तिला सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लागू द्यायचं नाही, एवढंच. पूर्वी पडवी हेच काम करायची आणि उन्हाळ्यात अंगणात विणलेल्या झावळ्यांचा मांडव पडायचा, तो पावसाच्या तोंडावर उतरवला जायचा. आजही पश्चिमेच्या खिडकीबाहेर झावळ्यांचं झाप किंवा बांबूची चिक टांगली तर ती आतल्या जाडजूड पडद्यापेक्षा जास्त काम करते. ऊन काचेतून आत आलं की उष्णता खोलीतच राहिली, पडदा तिला परत पाठवू शकत नाही. ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेला सरकतो, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीलाही आडोसा लागतो.

दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. ज्या खोल्यांत एसी नाही तिथे समोरासमोरची दोन तोंडं उघडी असली की वारा वाहतो. नुसती एकच खिडकी कितीही मोठी असली तरी वारा आत येत नाही, कारण त्याला बाहेर पडायला वाट नसते. एसीच्या खोलीचं उलट. ती संध्याकाळपासून बंद ठेवा. तिच्यात ओले कपडे वाळत घालू नका. बादलीभर पिळलेल्या कपड्यांत दोन-तीन लिटर पाणी असतं आणि ते सगळं एसीला काढावं लागतं. न्हाणीघराचं दार त्या खोलीत उघडत असेल तर ते ओढून घ्या.

पंख्याबद्दल थोडक्यात: जुना पंखा ७० ते ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या ब्रशविना मोटरचा पंखा ३० च्या आसपास. रोज बारा तास धरले तर दिवसाला अर्धा युनिट वाचतो. त्याच्या आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड वळवाच्या विजांमध्ये जळतं, म्हणून मीटरपाशी सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. सड्यावरच्या घरांत जमीन कोरडी पडली की उन्हाळ्यात अर्थिंग कमजोर होतं, त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडावं लागतं.

एसी घ्यायचाच तर

कोकणात एसी मोठा घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. 'दीड टनाचा घ्या, लवकर गार होईल' असं दुकानदार सांगतो आणि ते खरंही असतं. खोली दहा मिनिटांत २४ अंशांवर येते, कॉम्प्रेसर थांबतो किंवा अगदी मंद होतो, जाळी पुरेशी थंड राहत नाही आणि पाणी निघायचं राहून जातं. मग खोली गार पण चिकट लागते, चादर ओलसर वाटते, माणूस तापमान २० वर नेतो आणि बिल वाढतं. वर सावली असलेल्या बारा बाय बाराच्या खोलीला एक टन पुरतो. उघड्या स्लॅबखालच्या त्याच खोलीला दीड टन लागतो, म्हणून आधी छप्पर आणि मग खरेदी.

एसी २६ वर ठेवा आणि छताचा पंखा मंद फिरू द्या. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्यूरोचा हिशेब आहे. जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू करताच २४ अंशांवरच सुरू होतात ते त्यांच्याच नियमामुळे. पावसाळ्यात तापमान मुळात २७-२८ असतं, तेव्हा 'ड्राय' मोड वापरा. त्यात पंखा हळू फिरतो, हवा जाळीवर जास्त वेळ रेंगाळते आणि पाणी सोडून जाते. स्टारच्या लेबलवर वर्षाचे जे युनिट छापलेले असतात ते १६०० तास वापर धरून काढलेले असतात. तुमचा एसी रोज आठ तास पाच महिने चालत असेल तर तो १२०० तासांच्या आसपास येतो, त्या प्रमाणात वाचा.

बादलीत पाणी जास्त आलं होतं ना? आता फटी शोधा. रात्री एसी बंद करून खोलीत अंधार करा आणि बाहेरच्या बाजूने कोणालातरी बॅटरी फिरवायला सांगा. जिथून उजेड आत येतो तिथून हवाही येते. लाकडी झडपांच्या कडांना रबरी पट्टी, दाराखाली ब्रशची पट्टी, एसीच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेल्या भोकाला पुट्टी. या भोकाकडे कोणी बघत नाही आणि अर्ध्या घरांत ते तसंच उघडं असतं. जुन्या घरांत भिंतीच्या वर कौलांपर्यंत मोकळी जागा असते. तिथे छत घालून एकच खोली बंदिस्त करता येत असेल तरच एसीचा विचार करावा. जमा झालेलं पाणी लादी पुसायला, झाडांना चालतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र घालू नका, कारण ते जाळीवरची धूळ आणि धातूचे कण घेऊन येतं.

खारी हवा आणि गॅस

पर्यावरणाचा विषय निघाला की सगळे विजेबद्दल बोलतात, पण किनाऱ्यावर गॅसची गळतीही तितकीच महत्त्वाची आहे. हल्लीच्या बहुतेक एसीत आर-३२ गॅस असतो. एक किलो आर-३२ हवेत सुटला तर तो शंभर वर्षांच्या हिशेबाने ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आधीच्या आर-४१०ए चा आकडा २०८८ आहे. एक टनाच्या एसीत साधारण सातशे ग्रॅम गॅस धरला, तर तो पूर्ण गळणं म्हणजे पावणेपाचशे किलो. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे ही गळती साडेसहाशे-पावणेसातशे युनिट जाळल्यासारखी. वर्षभर २६ वर ठेवून वाचवलेलं एका गळतीत गेलं.

आणि समुद्राच्या जवळ गळती होतेच. बाहेरच्या युनिटमध्ये तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमच्या पात्या बसवलेल्या असतात. त्यांच्यावर खारट ओलावा बसला की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया होते आणि ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते. पुढे नळीच्या सांध्यांचाही नंबर लागतो. यावर उपाय साधा आहे: पावसाळा सोडून दर पंधरा दिवसांनी, एमसीबी पाडून, बाहेरचं युनिट गोड्या पाण्याने धुवा, बागेच्या पाइपने, हलक्या धारेने, वरून खाली. गाडी धुवायचं प्रेशर मशीन लावलं तर पात्या वाकतात आणि हवा जायची बंद होते. विकत घेताना निळा किंवा सोनेरी थर दिलेल्या पात्यांचं युनिट घ्या. ते थेट समुद्राकडे तोंड करून लावू नका. उत्तरेच्या भिंतीवर, सावलीत, पुढे मीटरभर मोकळी जागा ठेवून लावा.

मेकॅनिक म्हणाला की 'गॅस कमी झालाय, टॉप-अप करून देतो', तर थांबवा. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे, आणि टॉप-अप त्याच भोकातून निघून जाणार. आधी नायट्रोजन भरून दाब धरतो का ते बघायचं, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचे, दुरुस्ती झाल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळ्या पूर्ण रिकाम्या करायच्या आणि मग कंपनीने लेबलवर दिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. नवा एसी बसवतानाही पंप हवाच. काही जण वेळ वाचवायला थोडा गॅस सोडून नळीतली हवा बाहेर ढकलतात. गॅस तर वाया जातोच, शिवाय इथली दमट हवा नळीत राहिली की तेलात आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसर जातो.

किगाली करार हा असे गॅस घटवण्याचा आंतरराष्ट्रीय करार. त्याप्रमाणे भारताने या प्रकारच्या गॅसांचा वापर २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वर चालणारे एसी बाजारात आहेत. त्याचा तोच आकडा जेमतेम ३ आहे, पण तो चांगलाच ज्वालाग्राही असतो, म्हणून त्याचं काम त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं.

आंघोळीचं पाणी

कोकणात घर तापवायची वेळ येत नाही, तापवायचं असतं ते पाणी. विहिरीचं पाणी इथे वर्षभर २६-२७ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे एका माणसाचं पंधरा लिटर पाणी ४० अंशांवर न्यायला पाव युनिटही पुरतो. चार माणसांना दिवसाला एक युनिट. याहून जास्त जात असेल तर गिझर दिवसभर चालू राहतोय किंवा थर्मोस्टॅट ६५-७० वर आहे. ५० वर आणा. खाडीजवळच्या मचूळ विहिरीचं पाणी असेल तर टाकीतली मॅग्नेशियमची कांडी वर्षातून एकदा बघा. ती संपली की पाणी टाकीच खायला लागतं.

बंब वाईट नाही, ओलं लाकूड वाईट. सुक्या करवंट्या आणि सोडणं बंबाच्या मधल्या नळीत भराभरा पेटतात, धूर कमी होतो. पावसात भिजलेल्या काजूच्या फांद्यांची बरीच उष्णता त्यांच्यातलं पाणी उकळण्यातच जाते आणि न्हाणी धुराने भरते. सरपण मेच्या अखेरीला पडवीत आणून ठेवणारे शहाणे.

सौर बंबाबद्दल आम्ही जरा हात राखूनच सांगू. गरम पाणी सगळ्यात जास्त हवं असतं जुलै-ऑगस्टात, आणि तेव्हाच मळभ असतं. चार माणसांच्या घराने तेच पैसे छपरावरच्या सौर विजेत घालावेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्तला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट जागा लागते आणि उघडिपीत दिवसाला चार युनिट मिळतात. पॅनेलखालचा स्लॅब सावलीत राहतो हा वरचा फायदा. होम-स्टे किंवा खानावळ असेल तर हीट पंपाचा विचार करा: तो हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवतो, एका युनिटमध्ये तीन-चार युनिटांचं काम करतो आणि मागून गार, कोरडी हवा सोडतो. ती कोठाराच्या खोलीत वळवली तर तांदूळ आणि पापड दोन्ही बरे राहतात.

पॅनेल घेताना खाऱ्या हवेची चाचणी झालेलं आहे का ते कागदावर बघून घ्या. सांगाडा गरम जस्तात बुडवलेला हवा, नुसता चंदेरी रंग मारलेला नको. नट-बोल्ट स्टेनलेसचे, समुद्र दिसत असेल तर ३१६ प्रतीचे. ठेकेदार इथे पैसे वाचवतो आणि तिसऱ्या पावसात गंजाचे ओघळ चुन्यावर उतरतात.